वेगळी शाळा शोधताना: गोव्यातल्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

केजीचे प्रवेश सुरू झाले की मला ठरावीक फोन येतात. "बाई, म्हापशात चांगली मॉन्टेसरी कुठली?" "वॉल्डॉर्फ म्हणजे नेमके काय हो?" परवा एका बापाने विचारले, "मुलाला शाळेतच घातले नाही तर पोलीस येतात का?" मी डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते आणि घरी दोन मुलांची आई आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या चुका त्यामुळे करून झाल्या आहेत. फोनवर तुकड्यातुकड्याने सांगते तेच इथे पायरीपायरीने लिहिते. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. एखादीला महिना लागतो, एखादी अर्ध्या तासात होते.

पहिली पायरी: पंधरा दिवस, एक वही

शाळा बघायला लगेच निघू नका. आधी शंभर पानी वही घ्या आणि पंधरा दिवस मूल काय करते ते लिहा. काय केले, किती वेळ, कोणाबरोबर, कोणत्या भाषेत बोलत होते, आणि ते कशामुळे थांबले. 'हुशार', 'हट्टी', 'आळशी' हे शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत.

माझ्या धाकट्याच्या प्रगतिपत्रकावर बालवाडीतून शेरा आला होता: एका जागी बसत नाही. मी वही सुरू केली. मंगळवार: पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोंपों ऐकून धावला, सहा पाव आणि दोन पोळ्यांचा हिशेब, सुटे पैसे स्वतः मोजून घेतले, दहा मिनिटे. बुधवार: न्हाणीमागे मुंग्यांची रांग, पाऊण तास, जेवायला मारलेली हाक ऐकलीच नाही. गुरुवार: कॅपिटल लेटर्स गिरवणे, चार मिनिटे, मग पेन्सिलीला टोक काढण्यात वेळ काढला. पोर बसत होते की. फक्त गिरवायला बसत नव्हते.

शिक्षक असाल तर रोज दोन मुले निवडा. दहा-बारा मुलांचा वर्ग आठवडाभरात एकदा फिरून होतो. मी ही नोंद पाठाच्या टाचणवहीच्या मागच्या पानांवर करते, वेगळे काही बाळगत नाही. पहिल्याच फेरीत लक्षात येते की तीन-चार मुलांबद्दल आपल्याला लिहायला काहीच सुचत नाही. त्यांच्याकडे आपण महिनोन्‌महिने पाहिलेलेच नसते.

दुसरी पायरी: नावांची ओळख करून घ्या, भुरळ पाडून घेऊ नका

मॉन्टेसरी. मारिया मॉन्टेसरी या इटालियन डॉक्टर. १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह काढले. १९३९ मध्ये त्या मद्रासला अड्यारला आल्या, युद्धात इटली ब्रिटिशांविरुद्ध उतरल्यावर त्यांच्या हालचालींवर बंधने आली, आणि १९४६ पर्यंत त्या भारतातच राहिल्या. त्या काळात इथे शेकडो शिक्षक त्यांच्याकडून शिकले. पद्धतीचा गाभा असा: तीन ते सहा वयाची मुले एकाच वर्गात, साहित्य मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर, काम मुलाने निवडायचे आणि हवे तितक्या वेळा करायचे, चूक साहित्यानेच दाखवायची. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा गुलाबी ठोकळे तुम्ही कुठेतरी पाहिले असतील. आता महत्त्वाची गोष्ट: 'मॉन्टेसरी' या नावावर कोणाची मालकी नाही. उद्या मी माझ्या पडवीत ती पाटी लावली तर मला कोणी अडवू शकत नाही.

वॉल्डॉर्फ. १९१९ साली जर्मनीत श्टुटगार्टला वॉल्डॉर्फ-अस्टोरिया या सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी रुडॉल्फ श्टायनर यांनी काढलेली शाळा, त्यावरून हे नाव. वाचन-लेखनाचे औपचारिक शिक्षण साधारण सातव्या वर्षापर्यंत नाही. गोष्टी, चित्रे, विणकाम, लाकूडकाम भरपूर. एकच विषय सलग तीन-चार आठवडे रोज सकाळी. शिक्षक वर्गाबरोबर वरच्या इयत्तेत जातो. मला हातकामाचा भाग फार आवडतो. त्यामागचे श्टायनर यांचे अध्यात्म मात्र मला झेपत नाही, आणि प्रवेश घेण्याआधी पालकांनी त्याबद्दल शाळेला मोकळेपणी विचारावे.

नई तालीम. १९३७ ची वर्ध्याची परिषद, गांधीजींची कल्पना, अभ्यासक्रम डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीचा. हस्तोद्योग हेच शिकवण्याचे माध्यम: सूत कातताना गणित, कापसावरून भूगोल. आज तकली कोणी आणणार नाही, पण डिचोलीत कुंभार आहेत, गावोगाव काजू आहे, कुळागर म्हणजे नारळ-सुपारीची बाग आहे.

आणि आपली स्वतःची परंपरा, जी आपण सगळ्यात शेवटी आठवतो. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी पाड्यांवर बालशिक्षण नेले. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. महागडे साहित्य न घेता पाने, बिया, शंख-शिंपले घेतले. पुढे कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढले, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन उभे केले. या सगळ्या मराठीतून चाललेल्या गोष्टी आहेत. कोल्हापूर आपल्याला काही लांब नाही. आधी पत्र पाठवून परवानगी मागा आणि एकदा जाऊन या.

रेज्जो एमिलियासारखी नावेही कानावर येतील. आत्ता त्यांत शिरू नका, चार पद्धतींनी सुरुवातीला पुरेसे डोके भणभणते.

तिसरी पायरी: एकच गोष्ट घरी करून बघा

पैसे भरण्याआधी पद्धतीचा एक घास चाखता येतो. मी अक्षरांनी सुरुवात करायला सांगते.

हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पॉलिश पेपरचे दोन ताव आणा. त्यातून क, म, ल, न ही चार अक्षरे आणि एक काना कापा, प्रत्येक तळहाताएवढे. पोस्टकार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यांवर चिकटवा. मुळाक्षरांच्या क्रमाने जायचे नाही, कारण क-ख-ग-घ वरून मुलाला हाती काही लागत नाही. या पाच तुकड्यांतून मात्र नाक, कान, मान, काम, मामा, काका, लाल, कमान एवढे शब्द पहिल्याच आठवड्यात निघतात.

आता दोनच कार्डे घेऊन बसा. पहिला टप्पा: तर्जनी आणि मधले बोट अक्षरावरून लिहितो त्याच दिशेने फिरवा आणि म्हणा, 'म'. मुलाला फिरवू द्या. मग 'न'. दुसरा टप्पा: "म मला दे. न उशाखाली लपव. म बाबाला दाखवून ये." हा टप्पा जितका लांबेल तितका चांगला, आणि घाई नेमकी इथेच होते. तिसरा टप्पा: कार्डावर बोट ठेवून "हे काय?" चुकले तर 'चूक' म्हणायचे नाही, मुकाट दुसऱ्या टप्प्यावर परत यायचे. ही तीन टप्प्यांची रीत मॉन्टेसरीबाईंनी सेग्वँ या फ्रेंच डॉक्टरकडून घेतली होती. मी ती पहिलीच्या वर्गात दहा वर्षे वापरते आहे. एका वेळी दोन मुले, पाच मिनिटे, बाकीची मुले तोवर पाटीवर रेघोट्या मारतात.

गणिताला चिंचोके. दहा-दहा चिंचोके छोट्या पुरचुंडीत बांधा. दोन पुरचुंड्या आणि सुटा एक म्हणजे एकवीस. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असे वाचायला दिले म्हणून केवढा गदारोळ झाला होता. वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी एखाद्या पोराला 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिताना पाहिले होते कोण जाणे. पुरचुंड्या हातात असल्या की दोन्ही वाचने चालतात.

तीन आठवडे करा. मूल कंटाळले की थांबा आणि वहीत तेही लिहा.

चौथी पायरी: शाळा बघायला जा, पण मुले असताना

रविवारी फुगे लावून ठेवलेली शाळा पाहण्यात अर्थ नाही. कामाच्या दिवशी तासभर मागे बसू द्या अशी विनंती करा. नाही म्हटले तर कारण विचारा. लहान मुलांच्या वर्गात रोज अनोळखी माणसे नकोत हे कारण रास्त आहे, मग ठरावीक दिवस मागा.

थोरलीच्या वेळी मी एका शाळेत गेले होते. दारावर पद्धतीचे नाव, आत ते गुलाबी ठोकळे, काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप. "मुले ठोकळे हरवतात हो," असे तिथल्या बाई म्हणाल्या. मी तरीही फी भरली, कारण युनिफॉर्म फार गोड होता. सहा महिन्यांनी मुलगी घरी बाहुल्यांना ओळीत बसवून "फिंगर ऑन युवर लिप्स" म्हणत होती. दोष शाळेचा जितका, तितका माझा. कुलूप मला दिसले होते.

म्हणून बघायचे ते हे. कपाटाची उंची. मुले स्वतः उठून वस्तू घेतात का आणि परत ठेवतात का. बाईंचा आवाज वर्गभर घुमतो की एका मुलाजवळ बसून बोलणे चालले आहे. एखादे मूल काहीच करत नसेल तर त्याचे काय होते. डब्याच्या वेळी सांडलेले कोण पुसते. विचारायचे ते हे: शिक्षकांचे प्रशिक्षण कुठे आणि किती काळ झाले? तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? ही शाळा कितवीपर्यंत आहे आणि पुढे मुले कुठे जातात? पहिलीपासूनची शाळा असेल तर सरकारी मान्यता आहे का?

शेवटचा प्रश्न लाजून सोडू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या १८ व्या कलमानुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही, आणि दंड लाखापर्यंत आहे. १३ व्या कलमाने कॅपिटेशन फी आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी-मुलाखत दोन्हींना मनाई आहे. मारणे तर आपल्याकडे त्याही आधीपासून बंद आहे, २००३ च्या गोवा बाल कायद्याने. 'आमच्याकडे वेगळी पद्धत आहे' हे उत्तर यांतल्या कशालाही चालत नाही.

पाचवी पायरी: भाषा

गोव्यात ही पायरी सगळ्यात अवघड आणि बहुतेक जण ती न बघताच ओलांडतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कोंकणी, कीर्तन-नाटक-वर्तमानपत्र मराठीत, आणि मुलाची शाळा इंग्रजीत. अनुदान कोणत्या माध्यमाला यावरून १९९० पासून इथे वाद आणि आंदोलने झाली, २०११ नंतर तर रस्त्यावर. मी त्या वादात पडत नाही. पण वेगळ्या पद्धतीच्या ज्या शाळा पालक मला दाखवतात त्या बहुतेक इंग्रजी आहेत, आणि तिथे एक विसंगती मला खटकते. 'मुलाला स्वतः बोलू द्या, प्रश्न विचारू द्या' हे ज्या पद्धतीचे पहिले सूत्र, तिथे साडेतीन वर्षांच्या पोराकडे प्रश्न विचारायला भाषाच नसते. मग पोर गप्प बसते आणि बाई म्हणतात, किती शांत आहे!

शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम शक्य तितके मातृभाषेतून शिकवा म्हणते. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा, वय ३ ते ८ साठीचा, हेच अधिक ठामपणे म्हणतो. तुम्ही इंग्रजी शाळा निवडलीत तर निदान एवढे विचारा: मूल कोंकणी-मराठीत बोलले तर तुम्ही त्याच भाषेत उत्तर देता का?

आता माझा स्वार्थ मिसळलेले मत सांगते. मिश्र वयाचा वर्ग, मुले कमी, अंगण, बाजूला झाड, एकच शिक्षक चार वर्षे त्याच मुलांबरोबर. ही यादी ज्या शाळेच्या माहितीपत्रकात छापलेली असते तिथे मोठी फी भरून आपण जातो. आणि हेच सगळे ज्या गावच्या मराठी प्राथमिक शाळेत पटसंख्या कमी झाल्यामुळे आपोआप आले आहे, तिला आपण 'मरत चाललेली शाळा' म्हणतो. माझ्या वर्गात पहिली ते चौथी मिळून चौदा मुले. त्यांतली पाच घरी कन्नड बोलतात, दोन हिंदी. चौथीची मुलगी पहिलीच्याला जोडाक्षर समजावते तेव्हा ती स्वतः ते पक्के शिकते. सगळ्या सरकारी शाळा अशा आहेत असे मी म्हणत नाही, काही खरोखर ओस आहेत. पण शोधाच्या यादीत तुमच्या वाड्यावरची शाळा घाला, आणि चौथ्या पायरीतले प्रश्न तिथेही विचारा.

सहावी पायरी, शिक्षकांसाठी: अभ्यासक्रम न मोडता एक खिडकी उघडा

आठवड्यातले दोन तास मागा, त्याहून जास्त नको. मुख्याध्यापकांना आधी सांगा, नंतर कळले तर वाईट वाटते. भागशिक्षणाधिकारी भेटीला आले की कायद्याचे तेच २९ वे कलम उपयोगी पडते: कृती, शोध आणि अन्वेषणातून शिकवा असे त्यात लिहिलेले आहे. पाठ्यपुस्तकातला कोणता घटक या कामातून पुरा झाला ते टाचणात नोंदवा. मुलांचे काम दोरीला टांगून ठेवा, भेटीच्या वेळी दोरी बोलते.

आम्ही चतुर्थीच्या आधीचे दोन आठवडे माटोळीला दिले. गणपतीवर बांधायच्या त्या लाकडी चौकटीला काय काय टांगतात याची यादी मुलांनी घरून आणली. नारळ, सुपारीचा शिपटा, चिबूड, तोरिंग, आंबाडे, कवंडळ, घागऱ्यो, कांगल्यो. एकाने 'बाबा रानातून आणतो ते' एवढेच लिहिले, आणि सगळ्यांत चांगला प्रश्न तिथूनच निघाला: ते म्हणजे काय? आजोबांना विचारून तो दुसऱ्या दिवशी सहा नावे आणि दोन फांद्या घेऊन आला. मग गट पाडले: परसातले, कुळागरातले, रानातले, बाजारातून विकत आणलेले. विकतची यादी सगळ्यांत लांब निघाली. कानडी बोलणाऱ्या मुलांनी आपली नावे बाजूला लिहिली, तीन भाषांचा तक्ता झाला. दुकानातला ताणकाटा आणून नारळ आणि चिबूड तोलले. सुपाऱ्या दहा-दहाने मोजल्या. माटोळीतली सगळी फळे खायची नसतात, त्यामुळे 'हात धुतल्याशिवाय तोंडात बोट नाही' हा नियम पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहिला. तो लिहाच.

तक्रार आलीच. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एक आई म्हणाली, "बाई, वही कोरी आहे. फळेच मोजत बसली का पोरे?" रास्त प्रश्न. मी तिच्या मुलीला बोलावून तिने स्वतः लिहिलेला कागद वाचायला लावला, सात ओळी, तिच्या आजीने कवंडळ कसे तोडले त्याबद्दल. वाचून झाल्यावर आई म्हणाली, "पण हे वहीत का नाही लिहिले?" तेव्हापासून असले लिखाण वहीतच करून घेते. माझेही चुकलेच होते.

माटोळी हा एक नमुना. खाजन शेतीतली, म्हणजे खाडीकाठच्या शेतांतली, मानस ही पाण्याची झडप भरतीला आपोआप बंद होते आणि ओहोटीला उघडते, त्यात चौथीला पुरेल एवढे विज्ञान आहे. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेले की सलीम अली पक्षी अभयारण्य. मिरामारला विज्ञान केंद्र. पणजीच्या पाटो भागात कृष्णदास शामा ग्रंथालय, १८३२ पासूनचे, बालविभागासह. एकाच वर्षात सगळीकडे जाऊ नका. एका जागी तीनदा जा.

सातवी पायरी: शाळाच नको वाटली तर

त्या बापाला दिलेले उत्तर: पोलीस येत नाहीत. मुलाला शाळेत घालणे हे कायद्याने पालकाचे कर्तव्य आहे, पण केंद्राच्या कायद्यात त्यासाठी पालकाला शिक्षा नाही. घरी शिकवण्याला वेगळी मान्यता देणारा कायदाही नाही. म्हणजे तुम्ही धूसर पट्ट्यात उभे आहात, हे समजून उभे राहा.

परत यायची वाट उघडी असते. मूल सहा ते चौदा वयाचे असेल तर वयाला योग्य त्या वर्गात प्रवेश मिळण्याचा त्याला हक्क आहे. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस: चौदा पूर्ण झाल्यावर दहावीला नोंदणी, पाच वर्षांच्या मुदतीत टप्प्याटप्प्याने विषय सोडवता येतात, आणि दहावीला मराठी माध्यमही आहे. कागदपत्रांची एक फाईल मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा, तारखेसह कामाचे नमुने, फोटो, वाचलेल्या पुस्तकांची यादी. गोव्यात पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढायला मामलेदार कार्यालयात जाल तेव्हा इतरांकडे शाळेचे कागद असतात. तुमच्याकडे नसणार. पर्यायी पुरावे आधीच जमवा.

आणि घरात दिवसभर कोण असणार? हा प्रश्न नवऱ्याने बायकोला विचारायचा नसून दोघांनी कॅलेंडर समोर ठेवून सोडवायचा आहे. माझ्या ओळखीच्या दोन घरांत हा प्रयोग थांबला तो मुलामुळे नव्हे. आई थकली म्हणून.

आठवी पायरी: एक वर्ष थांबा

नव्या पद्धतीत गेलेले मूल पहिले दोन-तीन महिने नुसते भटकते, वस्तू काढते, टाकते. आधी सगळे सांगून करून घेतलेले असते, म्हणून आता स्वतः निवडायचे म्हटल्यावर गोंधळते. या काळात शेजारच्या मुलाच्या पाढ्यांशी तुलना करू नका. पण वर्ष उलटल्यावर वही उघडा. सकाळी पोट दुखते का, घरी शाळेचे काही सांगते का, स्वतःहून काही वाचते-मोजते का, मित्र आहेत का. चारांपैकी तीन उत्तरे वाईट असतील तर पद्धत कितीही नावाजलेली असो, शाळा बदला. सातव्या-आठव्या वर्षी मन लावून शिकवूनही अक्षरे उलटसुलट होत असतील, ऐकू कमी येतेय असे वाटत असेल, तर पद्धत बदलत बसू नका, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

धाकटा आता माझ्याच शाळेत तिसरीत आहे. मुंग्यांची वही त्याने स्वतः सुरू केली आहे, शुद्धलेखन भयानक. कालची नोंद: "काळ्या मुंग्या साकर नेतात. तांबड्या काळ्यांनाच नेतात." मी 'साखर' तेवढे दुरुस्त करायला हात पुढे केला, तर म्हणाला, "आई, ही शाळेची वही नाही."